डाव्या डोळ्याचं फडकं

बडनेऱ्याच्या नव्या वस्तीत मी ज्यांच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहिले, त्या काकांच्या गच्चीवर दोन फडकी कायम वाळत असायची. तळहाताएवढी, काकूंच्या जुन्या सुती लुगड्याची. एकाच्या कोपऱ्याला निळा दोरा, दुसऱ्याच्या पांढरा. निळं डाव्या डोळ्याचं, पांढरं उजव्याचं. पहिल्या दिवशी मला हे काय माहीत? हात ओले होते, निळ्या दोऱ्याच्या फडक्याला पुसले आणि वळले, तर जिन्यात काका उभे. माझ्या हाताकडे बघून म्हणाले, "काहून वं पोरी, तुह्या घरी दुसऱ्याच्या ब्रशनं दात घासतात काय?"

मला असा राग आला म्हणून सांगू! नव्या भाडेकरूशी असं कोणी बोलतं? मी खाली मान घालून उभी राहिले आणि काकूंनी ते फडकं चिमटीत धरून नेलं, एका पोचे आलेल्या पातेल्यात उकळलं, पिळलं आणि परत दोरीवर नेऊन घातलं. ते पातेलं फक्त फडक्यांचं. त्यात चहासुद्धा टाकायचा नाही. कुठे येऊन पडले बापा, असं त्या दिवशी मी मनात दहा वेळा म्हटलं असेल.

काका इंजिन ड्रायव्हर होते. आता लोको पायलट म्हणतात, पण त्यांना तो शब्द पटत नसे. "पायलट इमानात असते. आमी डायवर." रिटायर होऊन तीन-चार वर्षं झाली होती, तरी घर इंजिनाच्याच कायद्यानं चालायचं. इंजिनात दोघं असतात, ड्रायव्हर आणि असिस्टंट. पुढचा सिग्नल दिसला की एकानं मोठ्यानं पुकारायचं, "हिरवा!" आणि दुसऱ्यानं स्वतः बघून तेच परत म्हणायचं. म्हणजे दोघांनी पाहिलं असं पक्कं होतं. काकांच्या घरी हाच पुकारा गॅसला, कडीला आणि पाण्याच्या मोटरीला होता. काकू स्वयंपाकघरातून ओरडायच्या, "गॅस बंद!" काका बैठकीतून, "गॅस बंद!" "मोटर बंद!" "मोटर बंद!" मी फाटक उघडलं की काकू, "पोरगी आली!" आणि लगेच काका, "पोरगी आली!" आधी मला वाटलं, दोघांनाही कमी ऐकू येतं. नेहमी आधी काकू आणि मागून काका, हे मात्र माझ्या ध्यानात आलं होतं. असेल सवय, म्हणून सोडून दिलं.

अजून खोड्या होत्याच. त्यांच्या डावीकडे कोणी बसलेलं चालायचं नाही. "तिकडे कोनत्या गावाले गेली? इकडे बस." रस्त्यानं चालताना काकू कायम त्यांच्या डाव्या अंगाला, अगदी हाताला हात लावून. या वयातही काय प्रेम आहे, असं मी माझ्या मैत्रिणीला फोनवर सांगून हसले होते.

आणि डोळे चोळणारा माणूस दिसला की संपलंच. ऑटोत बसलेल्या अनोळखी बाईला सांगत, "बाई, हात खाली. चोयून चोयून पापनी सोलून निघन." वलगावला काकूंच्या भाचीच्या लग्नात मीही गेले होते. तिथे एका खोलीत पार्लरवाली नवरीला आणि पाच-सहा करवल्यांना सजवत होती, काजळाची एकच पेन्सिल सगळ्यांच्या डोळ्यांतून फिरवत. काका चहा विचारायला म्हणून दारात आले आणि तिथेच थांबले. "एकच पेन्सिल साऱ्यायच्या डोयात? काय प्रसाद वाटून राहिली काय?" नवरी रडायच्या बेतात, काकूंची बहीण लाल, पार्लरवाली पेन्सिल हातात धरून तशीच. शेवटी काकूंनी त्यांना ओढत मांडवात नेलं. परतीच्या वाटेवर मला तर लाजेनं कुठे तोंड लपवू असं झालं होतं. तेव्हा माझ्या डोळ्यांतही भरून काजळ होतं, हे वेगळंच.

आता माझं सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. माझं गाव मूर्तिजापूरजवळ. डिप्लोमा झाल्यावर तीन वर्षं मी असिस्टंट लोको पायलटच्या परीक्षेच्या मागे होते. क्लास अमरावतीला, खोली बडनेऱ्याला, आणि बाकी सगळा अभ्यास मोबाईलवर. लेखी झाली, कॉम्प्युटरची झाली, राहिली फक्त मेडिकल, ती भुसावळला. इंजिनवाल्यांच्या मेडिकलमध्ये डोळ्यांचं किती कडक असतं ते आमच्या क्लासमधल्या कोणालाही विचारा. चष्मा चालत नाही, रंग चुकला चालत नाही. तिकडे आईनं गावभर पेढे वाटूनही टाकले होते. "माह्यी पोरगी इंजिन चालवनार हाय." कोणी विचारलं नाही तरी सांगायची. पडले असते तर मी कोणत्या तोंडानं गावात गेले असते?

पत्र आलं. मेडिकलला एकवीस दिवस. आणि नेमक्या त्याच आठवड्यात माझ्या पापण्यांनी दगा दिला.

सकाळी उठले की पापण्या एकमेकींना चिकटलेल्या. केसांच्या मुळांशी कोंड्यासारखी पांढरी खपली. कडा लाल, सुजलेल्या, आणि दिवसभर डोळ्यांत वाळू गेल्यासारखी टोचणी. वाचायला घेतलं की अक्षरं धूसर, पापणी उघडझाप केली की परत साफ. मी दर अर्ध्या तासानं आरशात बघायचे. मोबाईलचा फ्लॅश लावून डोळ्यांचे फोटो काढायचे आणि कालचा फोटो आजच्या शेजारी ठेवून बघायचे. क्लासच्या ग्रुपवर तर लोकांना ऊतच आला होता. एक म्हणे, डोळे लाल दिसले की दारातूनच परत. दुसरा म्हणे, त्याच्या भावाला तसंच केलं. आई फोनवर, "गुलाबपानी टाक, नाहीतर मधाचा एक थेंब टाक माय." इतकी वर्षं मरमर केली आणि आता पापणीच्या खपलीवर सगळं जाणार, या विचारानं भात घशाखाली उतरायचा नाही.

जिन्यात डोळे चोळताना काकांनी मला पकडलंच. पण या वेळी ओरडले नाहीत. उजेडात उभं केलं, मान तिरकी करून बघितलं आणि म्हणाले, "पापनीच्या कडाच्या तेलगाठी तुंबल्या. माह्यंही असंच होतं. उद्या सकायी साडेसहाले खाली ये."

मी गेले. काकूंनी माझ्यासाठी दोन नवी फडकी फाडून ठेवली होती, हिरवा दोरा आणि पिवळा दोरा. कोमट पाणी, हाताच्या मागच्या बाजूला सुखानं सोसेल इतकंच. फडकं बुडवायचं, पिळायचं, मिटलेल्या डोळ्यावर ठेवायचं, निवलं की परत बुडवायचं, असं घड्याळ लावून दहा मिनिटं. काका समोर घड्याळ धरून बसत. मग बोटाच्या पेरानं पापणी हलकेच केसांकडे ओढायची, वरची खाली आणि खालची वर. मग उकळून गार केलेल्या पाण्यात लहान बाळाच्या शांपूचा एक थेंब, त्यात कापूस बुडवून डोळे मिटूनच कडा पुसायची. मी घाईनं घासायला लागले की म्हणत, "पातेलं घासून राहिली काय? पापनी हाय ते. हळू." काजळ बंद. गुलाबपाणी आणि मध तर आईच्या नावासकट बंद. मोबाईलवर पान सरकवलं की दर वेळी दोन्ही पापण्या पुऱ्या मिटायच्या. मी अर्धवट मिटवायचे. "फाटक अर्धं लावून गाडी सोडते काय कोनी? पुरी मीट."

इथवर मी सगळं ऐकलं. पण त्यांनी कूलरला हात घातला! म्हणे, वारा तोंडावर आला की डोळा सुकतो, कूलर भिंतीकडे वळव. मे महिन्यात, बडनेऱ्यात, वरच्या खोलीत, पत्र्याखाली! मी हो म्हटलं आणि दार लावून कूलर परत तोंडाकडे फिरवला. सकाळी काका घड्याळ धरून बसले, माझ्याकडे बघितलं. "फिरवला ना वं कूलर?" डोळ्यांवरून ओळखलं त्यांनी. मी खोटं बोलले, त्यांनी ऐकून घेतलं. दुसऱ्या रात्री मी कूलर भिंतीकडे केला आणि घामानं निथळत, त्यांना मनातल्या मनात शिव्या देत झोपले.

दहा दिवस झाले. खपली कमी झाली, टोचणी निम्मी झाली, पण लाली काही हटेना. मेडिकलला अकरा दिवस राहिलेले. "ते हळूहळू बसते," काका म्हणायचे. "रोज कराचं, मंग रायते काबूत. घाईचं काम नोको." घाई नको! अहो, माझी तारीख ठरलेली, मला घाई नको कसं म्हणता? त्या दुपारी क्लासमधल्या एकीनं सांगितलं म्हणून मी अमरावतीच्या बसस्टँडजवळच्या एका औषधाच्या दुकानात गेले आणि म्हटलं, "डोळे लाल झालेत, लवकर पांढरे करणारं द्या." दुकानदारानं काही न विचारता एक छोटी बाटली काढून दिली. चिठ्ठी नाही, काही नाही.

काय जादू म्हणावी! दुसऱ्याच दिवशी डोळे दुधासारखे. मी आरशासमोर उभी राहून हसले. बाटली पत्राच्या पाकिटात लपवली आणि दिवसातून चारदा गुपचूप थेंब टाकायला लागले. सकाळी काकांसमोर फडकंही ठेवायचे, दाखवायला. चार दिवस मी पोटभर जेवले, झोपले. आईला फोन करून सांगितलं, काळजी करू नको.

पाचव्या दिवशी फडकं काढून मी डोळे उघडले आणि काका माझ्याकडे बघतच राहिले. जगात सगळे लाल डोळ्याला घाबरतात. हा माणूस माझे पांढरे डोळे बघून घाबरला. हातातलं घड्याळ त्यांनी खाली ठेवलं.

"काय टाकून राहिली तू?"

"काही नाही."

"पोरी, खोटं नोको बोलू. एवढे पांढरे चार दिवसात होत नसतात. बाटली आन."

मला भडका उडाल्यासारखं झालं. मी ओरडले, हो, ओरडलेच. "मेडिकल माझी आहे काका, तुमची नाही! तुमचं काय जातं? तुम्ही आयुष्यभर इंजिन चालवून मोकळे झालात!"

काकू स्वयंपाकघरातून दारात आल्या. काकांनी उजवा हात उचलून उजवा डोळा झाकला आणि डावा माझ्यावर रोखला.

"आता मले तू दिसत नाही," ते म्हणाले. "खिडकीचा उजेड दिसते थोडासा. एवढंच."

मग जे सांगितलं ते त्यांनी घड्याळाकडे बघत सांगितलं, माझ्याकडे नाही. ड्युटीवर डोळे जळायचे, पापण्या अशाच लाल. कोणीतरी थेंब सांगितले. टाकले की एकदम आराम, एकदम पांढरे. डॉक्टरला न दाखवता दीड-दोन वर्षं टाकले. त्यात डोळ्याच्या आतला दाब वाढवणारं औषध असतं, हे त्यांना कोणी सांगितलं नाही आणि त्यांनी विचारलं नाही. दुखलं नाही, खुपलं नाही. डावा डोळा कडेकडेनं विझत गेला आणि उजव्याचीही कड थोडी गेली. कळलं तेव्हा त्यांनी लपवलं. सिग्नल तर डाव्या अंगालाच असतात. असिस्टंट पुकारायचा, "हिरवा!" आणि काका म्हणायचे, "हिरवा!"

"मी पाहून नाही म्हनत होतो वं," काका म्हणाले. "त्याच्या मागून म्हनत होतो."

असिस्टंट पन्नाशीचा, जुना मित्र. त्याला शंका आली असावी. एका दुपारी मूर्तिजापूरला मालगाडी बाजूच्या लूप लाईनवर उभी होती, पुढे सिग्नल लाल. असिस्टंटनं मुद्दाम पुकारलं, "हिरवा!" काका म्हणाले, "हिरवा!" आणि गाडी सोडायला हात हँडलवर ठेवला. असिस्टंटनं तो हात दाबून धरला. गाडी हलली नाही. कोणाला काही झालं नाही, कोणी पाहिलंही नाही, दोघं गप्प राहिले असते तर आजही कोणाला कळलं नसतं. दुसऱ्या दिवशी काकांनी स्वतः साहेबाला लिहून दिलं. मेडिकलनं त्यांना इंजिनावरून उतरवलं आणि शेवटची सहा वर्षं त्यांनी ऑफिसात ड्युटीच्या याद्या लावत काढली.

"तवापासून हे आधी पुकारतच नाहीत," काकू दारातूनच म्हणाल्या. "मी म्हनलं तेच मागून म्हनतात. 'पाहून सांगाचा हक्क माह्या हातून गेला,' असं म्हनतात. किती समजावलं, ऐकत नाहीत."

मी वर गेले, पत्राच्या पाकिटातून बाटली काढली आणि आणून काकांच्या हातात दिली. "मी आंधळी होणार का हो काका?" मी रडायला लागले. "पाच दिवसात काही होत नाही," ते म्हणाले, पण त्यांचाच आवाज धड नव्हता. "चाल, डॉक्टरले दाखवू."

त्याच दिवशी आम्ही तिघं ऑटोनं अमरावतीला गेलो. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं, दाब मोजला. त्या निकाल सांगेपर्यंतची दहा मिनिटं काका बाकावर माझ्या डावीकडे बसले होते, आणि मी पहिल्यांदाच बघितलं की त्यांची गुडघ्यावरची बोटं सारखी हलताहेत. दाब ठीक निघाला. बाईंनी ती बाटली बंद करायला सांगितली, साधे ओलाव्याचे थेंब दिले आणि म्हणाल्या, पापण्यांचा हा त्रास पुन्हा पुन्हा येणारा आहे, गरम फडकं आणि कडेची सफाई रोज करायची, नजरेला काही झालेलं नाही. म्हणजे काकांचंच सगळं. बाहेर आल्यावर काकू म्हणाल्या, "पाचशे वेळा सांगतलं असन यायनं, पन डॉक्टरनं सांगतलं की पटते!"

बाटली बंद केली आणि दोन दिवसांत डोळे परत लाल, आधीहून जरा जास्तच. भुसावळच्या आदल्या रात्री मी आईला फोनवर सगळं खरं सांगितलं. आई एवढंच म्हणाली, "पेढे वाटले ना वं मी."

मेडिकलला डॉक्टरनं विचारलं, डोळ्यात काही टाकलं होतं का? नाही म्हणणं किती सोपं होतं. मी बसस्टँडजवळची बाटली, डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी, सगळं सांगून टाकलं. त्यांनी कागदावर लिहिलं, सध्या अपात्र, दीड महिन्यानं परत या. ग्रुपवर कोणीतरी लिहिलं, "गेली हिची नोकरी." तो दीड महिना मी कसा काढला ते माझं मला माहीत. साडेसहाला फडकं, कूलर भिंतीकडे, पापणी पुरी मीट. काका घड्याळ धरून बसायचे आणि मेडिकलचा शब्द काढायचे नाहीत. मी रडले तर म्हणायचे, "रड, रड. डोये ओले राहतात."

दीड महिन्यानं मी परत गेले. सगळी अक्षरं वाचली, सगळे रंग सांगितले. शिक्का बसला, पात्र.

बडनेऱ्याला उतरून घरी आले तेव्हा संध्याकाळचे पाच वाजले असतील. फाटक वाजलं. स्वयंपाकघरातून काकू ओरडल्या, "पोरगी आली!"

"पोरगी आली!" बैठकीतून काका.

मी आत जाऊन त्यांच्यासमोर उभी राहिले, धांदलीत नेमकी डाव्या बाजूला. कागद हातात तसाच. काकांनी कागदाला हात लावला नाही. "डोये कसे हायेत?" त्यांनी विचारलं.

"चांगले आहेत," मी म्हटलं. "पांढरे."

मी थांबले. ते मागून "पांढरे" म्हणतील म्हणून थांबले. ते म्हणाले नाहीत. उठले, माझी हनुवटी धरली, मला फिरवून खिडकीच्या उजेडात, त्यांच्या उजव्या अंगाला उभं केलं आणि मान तिरकी करून बघत राहिले. आधी एक डोळा, मग दुसरा. मग त्यांनी तोंड स्वयंपाकघराकडे केलं आणि इंजिनात पुकारावं तशा आवाजात म्हणाले,

"लालसर!"

आत काहीतरी खाली पडलं, ताटली असावी. काकू हात पुसत दारात आल्या, माझ्याजवळ येऊन माझ्या डोळ्यांत बघितलं, आणि बघून झाल्यावर म्हणाल्या, "लालसर!"